अकरा टक्के ओलावा

भेग पहिल्यांदा मी पाहिली, आणि पाहिल्याबरोबर मला कळलं की ही माझ्यामुळे पडली आहे.

डायलिसिसच्या नव्या दालनाची मागची भिंत. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून भेग तिरकी खाली गेली होती, करंगळीचं नख मावेल एवढी. त्याच भिंतीबाहेर मशीनचं वाया जाणारं पाणी एका पाइपातून बागेत सोडलेलं होतं. तिथे कण्हेर इतकी माजली होती की बघणाऱ्याला कौतुक वाटावं. मला मात्र फक्त ते पाणी दिसलं. ते सप्टेंबरात. मी कुणाला काही बोलले नाही.

आमच्याकडे भिंत तडकली की लोक आधी सिमेंटला शिव्या घालतात, मग कंत्राटदाराला, मग सरकारला. मातीचं नाव कुणी घेत नाही. मी एकोणीस वर्षं मातीवरच पोट भरते आहे. नाव इफ्तिखार, पण मुलीवरून सगळे मला उम्म सजा, सजाची आई, असंच म्हणतात. टायरच्या दुकानामागे आमची माती तपासायची प्रयोगशाळा आहे. तिक्रीतपासून खाली दिजला नदीच्या काठाकाठाने कुठेही काही बांधायचं असलं की बोअरमधून काढलेले नमुने मेणात बंद होऊन आमच्याकडे येतात. आम्ही ते चाळतो, तोलतो, वाळवतो, आणि सांगतो की ही वाळू आहे का गाळ का चिकणमाती, तिच्यात पाणी किती, पोकळी किती. आमच्या आकड्यांवर पाया ठरतो. बाकी लोक आम्हाला ‘चिखलवाले’ म्हणतात, म्हणोत.

हे सगळं मला शिकवलं अबू लुअय यांनी, आमच्या अहवालांवर सही त्यांचीच असायची. नवरा गेला तेव्हा सजा दोन वर्षांची होती आणि मला वजनकाटासुद्धा वाचता येत नव्हता. त्यांनी मला कामावर घेतलं आणि पहिल्याच दिवशी माझ्या तळहातावर चिमूटभर माती ठेवली.

“खा,” म्हणाले.

“उस्ताद, भूक लागली आहे, पण इतकी नाही.”

“गिळू नकोस गं, पुढच्या दातांखाली धर. करकर लागली तर गाळ. लोण्यासारखी पसरली तर चिकणमाती. आणि हे काय लागतंय?”

करकरही नव्हती, लोणीही नव्हतं. भुसभुशीत, जरा खारट, दातांखाली विरघळणारं काहीतरी.

“हा जिप्सम,” ते म्हणाले. “हा आपल्या गावचा जावई. कोरडा आहे तोवर दगडासारखा उभा राहतो, सगळं घर खांद्यावर घेतो. पाणी लागलं की पळून जातो.”

त्यांची शिकवण सगळी या जावयाभोवतीच फिरायची. कणांची घनता काढायची तर बाटलीत पाणी घालायचं नाही, रॉकेल घालायचं, कारण पाण्यात जिप्सम विरघळतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ओव्हनची. जगभर माती एकशे पाच अंशांवर वाळवतात, एका दिवसात काम होतं. आमच्याकडे नाही. जिप्समच्या पोटात त्याचं स्वतःचं पाणी असतं, खड्यात बांधलेलं. ते मातीचा ओलावा नव्हे. एकशे पाचवर तेही उडून जातं, वजन घटतं, आणि हिशोबात माती आहे त्यापेक्षा ओली दिसते. म्हणून आमचा ओव्हन पंचेचाळीसवर. चार दिवस, कधी पाच. अबू लुअयनी नमुन्याच्या कोऱ्या तक्त्यावर तापमानाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने ‘४५’ लिहून ठेवलं होतं आणि त्याच तक्त्याच्या झेरॉक्स आम्ही वर्षानुवर्षं वापरत होतो. कुणी विसरूच नये म्हणून.

मी विसरले नव्हते. विसरले असते तर बरं झालं असतं.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. मोठ्या ईदला आठ दिवस राहिले होते. डायलिसिसच्या जागेचे नमुने आले आणि आमचे मुदीर, म्हणजे व्यवस्थापक, मझहर रोज सकाळी दारात उभे.

“झालं का, उम्म सजा?”

“माती आहे, मुदीर, सामूनचा पाव नाही. भट्टीत टाकला आणि फुगला असं होत नाही.”

“ईदच्या आधी अहवाल द्यायचा शब्द दिलाय मी.”

“शब्द तुम्ही दिलात, ओव्हनने नाही.”

बोलायला मी कुणाला हार जात नाही. पण वीज काय माझ्या तोंडाला घाबरणार होती? उन्हाळ्यात सरकारी वीज दिवसाला तीन तास, तीही तुकड्यातुकड्यांत. गल्लीतल्या जनरेटरची वायर पंख्याला पुरायची, ओव्हनला नाही. एरवी आम्हाला डब्यांची झाकणं लावून वाट बघायची सवय होती, आठवडा लागला तर लागला. त्या वेळी सजाला तापही होता, आणि ईदनंतर पुन्हा हेच ओरडणं ऐकायचं या विचाराने माझं डोकं फिरलं. वीज आली तेव्हा मी बटण पंचेचाळीसवरून एकशे पाचवर फिरवलं. मनात म्हटलं, वाळूच तर आहे, जिप्सम असून असून किती असणार. तीन तास, दुसऱ्या दिवशी आणखी तीन तास. वजन घटायचं थांबलं. मी तीनदा तोललं. अकरा टक्के ओलावा.

तक्त्यावरचं ‘४५’ खोडायला हवं होतं. खोडलं नाही. मी खोटं काही लिहिलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावत होते. लिहायची गरजच पडली नव्हती ना, आधीच लिहिलेलं होतं.

आमचा नियम असा, की ओलावा पाच टक्क्यांच्या आत आला तर माती फार कोरडी आहे, तिला पाण्यात भिजवून ती किती खचते ते बघायचंच. त्याच्या वर आला तर माती पाणी पिऊन बसली आहे आणि तरी उभी आहे, मग भिजवायची गरज नाही. माझा अकरा आला. भिजवणं रद्द झालं.

त्या आठवड्यात अबू लुअय बगदादला होते, त्यांच्या बायकोला, उम्म लुअयना, तिथल्या इस्पितळात ठेवलं होतं. एक दिवस कपडे न्यायला आले आणि सहीसाठी प्रयोगशाळेत थांबले. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी अहवाल चाळला.

“अकरा? त्या माळावर?”

“तीनदा तोललं, उस्ताद.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग नमुन्याच्या उरलेल्या तुकड्यावर नख मारलं, बोट तोंडाला लावलं. पुन्हा हॉर्न वाजला. त्यांनी सही केली, शिक्का मारला, गेले. उम्म लुअय ईदच्या दुसऱ्या दिवशी वारल्या. त्यानंतर अबू लुअयनी काम सोडलं आणि आम्ही त्या अहवालाबद्दल कधी बोललो नाही.

इमारत वर्षभरात उभी राहिली. अकरा पलंग, अकरा मशीन. आधी आमच्या लोकांना रक्त धुवायला आठवड्यातून तीनदा दीड तास लांब जावं लागायचं. आता चालत जाऊ लागले. मी रोज त्या रस्त्याने येते-जाते. हाज अब्बूद, पूर्वीचे आमच्या गल्लीतले सामूनवाले, खिडकीजवळच्या पलंगावर असायचे, नेमक्या त्याच खिडकीजवळच्या. मला बघून आतून हात करायचे.

“उम्म सजा! तुझ्या मातीला सांग, मला इतक्यात आत घेऊ नको!”

आसपासचे हसायचे. मीही हसायचे. भेग पाहिल्यानंतरही हसले, त्याची मला आजही लाज वाटते.

ऑक्टोबरात भेगेत अंगठा जाऊ लागला. कुणीतरी प्लास्टर भरलं. नोव्हेंबरात प्लास्टर फाटलं. बागेतला पाइप वाहतच होता. मी रोज ठरवायचे, आज मझहरना सांगते, आज अबू लुअयकडे जाते. आणि रोज एक नवं कारण सापडायचं. सजाची परीक्षा, पाऊस, मझहरची चिडचिड. खरं कारण एकच होतं. माझी नोकरी गेली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे अबू लुअयना कळलं असतं. डिसेंबरात मागचं दार अडकू लागलं, तेव्हा एका नर्सने आरडाओरडा केला आणि जानेवारीत चौकशी समिती आली.

समितीचे प्रमुख डॉक्टर वासिक, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांनी आमचे जुने कागद मागवले, ‘४५’ बघून मान हलवली.

“तापमान बरोबर आहे. म्हणजे ओलावाही बरोबर असणार. मग दोष काँक्रीटचा दिसतो. तरी राखून ठेवलेला नमुना आहे ना?”

होता. मेणात बंद, शेल्फवर. अबू लुअयचा दंडक, इमारत उभी आहे तोवर तिची माती टाकायची नाही.

“हाच पुन्हा तपासा. शनिवारी मी येतो. अहवालावर सही कोणाची? साब्री अब्दुल्ला… हे हयात आहेत ना? त्यांनाही बोलवा.”

साब्री अब्दुल्ला म्हणजे अबू लुअयच. मझहर डॉक्टरांना गाडीपर्यंत सोडून आले आणि दार लोटून माझ्यासमोर बसले.

“जसं तेव्हा केलंत तसंच करा,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे तसंच. आकडा अकराच्या आसपास आला की विषय मिटला. काँक्रीटवाला पळून गेलाय तुर्कस्तानात, त्याच्या नावाने भिंत दुरुस्त करतील, दालन चालू राहील. आणि आला नाही, तर कोणाची मान जाणार? म्हाताऱ्याची. बायको गेली, मुलगा परदेशात. राहिलंय काय त्याच्याकडे? एक शिक्का. तोही काढून घ्यायचा का?”

मझहरना त्या जुलैपासूनच ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण मर्मावर नेमकं बोट ठेवायची विद्या त्या माणसाला येते.

मेण सोललं. आतली माती पांढुरकी, हातात घेतली तर चक्क हलकी वाटली. मी तीन डबे भरले, तोलले, ओव्हनसमोर उभी राहिले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. एकशे पाचवर टाकलं तर अकरा येणार हे मला पक्कं माहीत होतं. खाडाखोड नाही, खोटी सही नाही. समितीनेच सांगितलेली चाचणी, तीही अगदी पूर्वीसारखीच. अबू लुअयचा शिक्का वाचेल, माझी नोकरी वाचेल. फक्त खिडकीजवळ हाज अब्बूद झोपलेले राहतील आणि पाइप वाहत राहील.

मी बटण पंचेचाळीसवर ठेवलं. मोठं शौर्य केलं असं नाही. त्या चार दिवसांत मी दोनदा ते बटण धरून परत सोडलं. तिसऱ्या दिवशी मझहरनी ओव्हनवरचा काटा पाहिला.

“अजून वेळ आहे,” ते म्हणाले. “दोन तासांचं तर काम आहे.”

“तुमचे हात मोडलेत का?” मी म्हटलं. “तुम्हीच फिरवा की. मी बघत उभी राहते.”

त्यांनी फिरवलं नाही. असली कामं ते दुसऱ्याकडूनच करून घेतात.

शनिवारी डॉक्टर वासिक आले. पाठोपाठ अबू लुअय, जुन्याच कोटात, काठी टेकत. मला बघून नुसती मान हलवली. मी चहाचे इस्तिकान, काचेचे छोटे पेले, पुढे ठेवले, कुणी हात लावला नाही. डबे काट्यावर ठेवले. ओली माती एकशे चार ग्रॅम होती. आता शंभर.

“चार टक्के,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी गणकयंत्र काढलं आणि स्वतःशीच बोलत हिशोब करू लागले. “कोरडी घनता एक पूर्णांक चोपन्न… रिक्तता गुणोत्तर शून्य पूर्णांक एकोणसाठ… पोकळ्यांपैकी पाण्याने भरलेल्या शंभरात सोळा-सतरा.” त्यांनी जुना कागद ओढला. “आणि इथे एकोणचाळीस. नमुना तोच ना?”

“तोच.”

“मग तेव्हाचे अकरा आले कुठून?”

“दोन तास थांबा,” मी म्हटलं आणि त्यांच्यासमोर तेच डबे परत ओव्हनमध्ये ठेवून बटण एकशे पाचवर नेलं.

ते दोन तास कसे गेले ते मला विचारू नका. मझहर फोनवर बोलत आत-बाहेर करत होते. अबू लुअय खुर्चीत डोळे मिटून होते. त्या दिवशी वीजही गेली नाही. मी मग आणखी एक तास ठेवलं, वजन थांबेपर्यंत, आणि डबे थंड करून काट्यावर ठेवले. त्र्याण्णव पूर्णांक सहा.

डॉक्टरांना हिशोब करायचीही गरज पडली नाही. “अकरा,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे इमारत कोरड्या जिप्समवर उभी आहे. आणि आपण दीड वर्ष तिला पाणी पाजतोय.” ते उठले, दाराशी जाऊन फोन लावला. “आजच रिकामं करा. आज म्हणजे आत्ता. नाही, सोमवारी नाही. पाइप आधी बंद करा.”

मला वाटलं, झालं. जे अवघड होतं ते झालं. फोन ठेवून डॉक्टर परत बसले आणि पेन उघडलं.

“ओव्हन एकशे पाचवर कोणी ठेवला होता?”

मी तोंड उघडलं.

“मी,” अबू लुअय म्हणाले.

“नाही!” माझा आवाज फाटला. “मी ठेवला. उस्ताद त्या आठवड्यात इथे नव्हतेच, बगदादला होते. मी ठेवला आणि तक्त्यावरचं पंचेचाळीस तसंच राहू दिलं.”

“मी फोनवर सांगितलं होतं तिला,” अबू लुअय शांतपणे म्हणाले. “ईद होती, घाई होती. पोरगी माया करते माझ्यावर, म्हणून बोलतेय. तुम्ही लिहा.”

“खोटं आहे हे! डॉक्टर, मी सांगते ना!”

डॉक्टर वासिकनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. थकलेले दिसत होते. “उम्म सजा, तुमचं म्हणणं जोडतो मी. पण जबाबदारी सही करणाऱ्याची असते. कायद्यात ओव्हनच्या बटणाला जागा नाही.” आणि त्यांनी लिहिलं.

मझहरनी चहाचा पहिला घोट घेतला. मला तो इस्तिकान त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला.

त्याच दुपारी अकरा मशीन ट्रकवर चढली. आमच्या लोकांना पुन्हा दीड तासाचा रस्ता, आठवड्यातून तीनदा. हाज अब्बूदना त्यांच्या जावयाने उचलून गाडीत ठेवलं. “काय गं,” ते मला म्हणाले, “मातीला सांगितलंस वाटतं. पण जरा उशिरा सांगितलंस.” ते चेष्टाच करत होते. बाकीचे हसलेही. मी तिथून निघून आले.

महिन्याभराने अबू लुअयचा परवाना रद्द झाला. वीस-पंचवीस वर्षांच्या अहवालांवरच्या सह्या पुन्हा तपासायला निघाल्या. बाजारात त्यांना कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण सलाम मात्र लांबून पडू लागले. मी अजून नोकरीवर होते. मझहरनी मला काढलं नाही. काढलं असतं तर त्यांनी मला काय करायला सांगितलं होतं ते मी बोलले असते. मला रात्रंदिवस एकच राग होता. माणसाने दुसऱ्याचं ओझं उचलावं, पण निदान विचारून. माझी चूकसुद्धा त्यांनी माझ्याकडे राहू दिली नव्हती, आणि मी कुणाकडे जाऊन माफी मागावी तेही कळत नव्हतं.

शेवटी एका शुक्रवारी दुपारी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात ऊन खात बसले होते. मी बसलेसुद्धा नाही.

“का केलंत तुम्ही असं? मी मागितलं होतं का? मी लहान आहे का?”

“बस.”

“नाही बसत.”

“मग उभी राहून ऐक. तुला वाटतंय, मी तुला वाचवलं?” त्यांचा आवाज चढला. एकोणीस वर्षांत मी तो तसा ऐकला नव्हता. “त्या दिवशी बोट तोंडाला लावलं होतं मी. माती ठणठणीत कोरडी होती. जीभ चिकटली माझी. अकरा कुठले, चारही नव्हते लागत. मला तेव्हाच कळलं होतं, पोरी. पण बाहेर टॅक्सी उभी होती आणि तिकडे ती शेवटचे श्वास मोजत होती. मी सही केली. म्हणून मी डॉक्टरला ‘मी’ म्हणालो. डॉक्टरने जे लिहिलं ते बरोबर लिहिलं.”

मी बसले.

“मग तुम्हीही…” मी म्हटलं, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. दोघं मिळून चुकलो, एवढंच तर होतं. मी रडायला लागले. “उस्ताद, मला माफ करा. मला वाटलं होतं, तुम्हाला कळलं तर तुम्ही…”

“भेग कधी पाहिलीस?”

“काय?”

“मी घराबाहेर पडत नव्हतो. मला नर्सच्या आरडाओरड्यानंतर कळलं. तू रोज त्या रस्त्याने जातेस. तू कधी पाहिलीस?”

मला खोटं बोलता आलं असतं. डिसेंबर म्हणता आलं असतं.

“सप्टेंबरात.”

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. वर बघायची हिंमत नव्हती.

“ओव्हन माझ्या नावावर गेला, त्याचं मला दुःख नाही,” ते म्हणाले. “सहीच्या वेळी मी दोन मिनिटं डोळे मिटले. तू चार महिने उघड्या डोळ्यांनी अब्बूदला हात करत होतीस. ते मला माझ्या अंगावर घेता येत नाही, पोरी. ते माझं नाही.”

त्यांनी मला जा म्हटलं नाही. पण चहाही विचारला नाही, आणि त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच बाहेर पडले.